दहा सेकंदांचा गुडघा

गोलरक्षकाला सगळा संघ ‘आजोबा’ म्हणे. वय अडतीस. चारचौघांत हे तरुणच म्हणायचं, पण फुटबॉलमध्ये अडतिसाव्या वर्षी गोवऱ्या मसणात गेलेल्या असतात. त्यातून आजोबांच्या उजव्या गुडघ्यातली गादी झिजून संपली होती. हे जगात तिघांनाच ठाऊक होतं: आजोबांना, त्यांच्या बायकोला आणि गुडघ्याला. पुढच्या वर्षीचा करार अजून व्हायचा होता. कोचला नुसता वास लागला असता तरी करार बोंबलला असता, म्हणून आजोबा तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत होते. उडी मारून पडले की गोलच्या खांबाला धरून उठत, आणि लोकांना ती ऐट वाटे.

मग तुफानचं प्रकरण झालं. तुफान म्हणजे संघातला सगळ्यात वेगवान पोरगा, बावीस वर्षांचा, रंगाने काळा. घरच्या मैदानावर, पूर्वेच्या गॅलरीतून, त्याला पाहून माकडाचे आवाज काढले गेले. तेही आपल्याच लोकांनी. संघ तीन-शून्यने पुढे होता, त्यातले दोन गोल त्यानेच मारले होते.

संघाने ठरवलं, याचा निषेध म्हणून यापुढे सामन्याआधी मैदानाच्या मधोमध ओळीने सगळ्यांनी एक गुडघा टेकायचा, दहा सेकंद. क्लबच्या अध्यक्षांना कल्पना बेहद्द आवडली. गॅलरीतले टगे हुडकून हाकलायचे तर तेवढी तिकिटं बुडणार, आणि गुडघे तर काय, फुकटच होते. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून स्वारी खूश होती.

आजोबांनी स्वयंपाकघरात तालीम करून पाहिली. उजवा गुडघा टेकला की सांधा अडके, डावा टेकला तर उठताना सगळा भार उजव्यावर येई. दोन्ही वेळा बायकोने काखेत हात घालून त्यांना उपसून काढलं.

“त्या पोराला खरं सांगून टाक ना,” ती म्हणाली.

“ड्रेसिंग रूममध्ये एकाला सांगितलं की संध्याकाळी कोचला कळतं.”

“मग उभा राहा खुंटासारखा. गुडघा वाचव आणि माणूस घालव.”

बायको रागात असली की नेमकं बोलते, हा आजोबांचा पंधरा वर्षांचा अनुभव होता. तरी पुढच्या सामन्याला दहा जण खाली बसले आणि अकरावे आजोबा मान खाली घालून उभे राहिले. पूर्वेच्या गॅलरीला आधी कळेना. मग कळलं, म्हणजे त्यांना जे कळायचं ते कळलं, आणि तिथून आजोबांच्या नावाचा जयजयकार सुरू झाला. या क्लबातल्या बारा वर्षांत त्यांनी पेनल्टी अडवल्या होत्या, तेव्हाही एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याने दाढी अर्धी सोडून त्यांना मिठी मारली. “शाब्बास! एक तरी निघाला पाठीच्या कण्याचा!” भीक नको पण कुत्रा आवर, असं आजोबांना झालं. अर्धी दाढी तशीच घेऊन ते घरी आले.

तुफान दर बुधवारी त्यांच्याकडे जेवायला येई. आजोबांच्या बायकोला तो वहिनी म्हणे आणि तिच्या हातचं दोन माणसांचं एकटा खाई. त्या बुधवारी तो आला नाही. गुरुवारी सरावानंतर आजोबांनी त्याला नळापाशी गाठलं.

“अरे, ऐक तरी—”

“नको, आजोबा. ते लोक मला शिव्या देतात, त्याचं मी बघून घेतो. पण त्याच तोंडाने तुमचं नाव घेतात, त्याचं काय करू?”

तो पाण्याची बाटली अर्धवट भरून निघून गेला. आजोबांना लाज वाटली, अगदी रडू येण्याइतकी. नळ चालूच राहिला होता, तो त्यांनी बंद केला.

शनिवारी गॅलरीत आजोबांचा भलामोठा फोटो लागला होता, खाली लिहिलं होतं, ‘ताठ मानेचा मर्द’. ओळ लागली. शिट्टी झाली. आजोबांनी त्या फोटोकडे एकदा पाहिलं, मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली आणि उजवा गुडघा टेकला.

आत कट्‌कन वाजलं. गॅलरी चिडीचूप झाली. दहा सेकंद संपले, दहा जण उठले, आजोबा तिथेच राहिले. पंचाने पुन्हा शिट्टी वाजवली.

“नाटक पुरे झालं आता,” तुफान त्यांच्याकडे न बघता म्हणाला.

“उठता येत नाहीये रे.”

तुफानने वळून पाहिलं. आजोबांच्या कपाळावरून घाम निथळत होता, आणि गुडघा फुगून कलिंगड झाला होता. तो पुन्हा खाली बसला. तो बसला म्हणून बाकीचे नऊ बसले. ते बसले म्हणून समोरचा संघही बसला, कारण आपण एकटेच उभे दिसायला नको. पंच घड्याळाकडे बघत राहिला.

“कधीपासून?”

“दीड वर्ष.”

“मग मागच्या वेळी सांगायला काय झालं होतं?”

“करार.”

“गाढव आहात तुम्ही, आजोबा.”

“तुझी वहिनीही तेच म्हणते.”

मैदानाबाहेर कोचने कपाळावर हात मारून घेतला होता. त्याने राखीव गोलरक्षकाला बोट करून उठवलं. आजोबांनी ते पाहिलं. बारा वर्षं तिथेच संपली, आणि वाईट वाटलंच, खूप वाटलं. पण आता लपवायचं काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे श्वास मोकळा झाला होता.

तुफानने त्यांना काखेतून उचललं आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर टाकून चालवत नेलं. बाहेर पडायची वाट पूर्वेच्या गॅलरीखालूनच होती. वरचा फोटो केव्हाच फाडून झाला होता. “गद्दार! थेरड्या!” असा आरडाओरडा चालला होता. अर्धी भरलेली एक बाटली सणसणत आली आणि आजोबांच्या कानाखाली बसली. त्यामागून तोच माकडाचा आवाज आला, पण या वेळी नक्की दोघांपैकी कुणासाठी, ते सांगता येत नव्हतं.

आजोबा कान चोळत थांबले.

“याची सवय होते का रे?”

“नाही,” तुफान म्हणाला. “चला.”