बिनआकड्याच्या माश्या

काशीरामला आयुष्यात पहिल्यांदा कोणी 'सर' म्हणालं, ते साठी उलटल्यावर. कर्नाळ्याच्या बाजूला शैलेशने तळ्याकाठी मुलांचं उन्हाळी शिबिर काढलं होतं. आकडा लपवलेली पिसांची खोटी माशी दोरीला बांधायची आणि लवचीक काठीने ती पाण्यावर अलगद टाकून मासा पकडायचा, असा विलायती खेळ. पुण्याचा शिकवणारा ऐन वेळी येईना, म्हणून शैलेशने द्रोणागिरीकडचा हा कोळी गाठला आणि आठ दिवसांत त्याला काठी शिकवली. खाडीवर भराव पडल्यापासून काशीरामचं जाळं खुंटीला होतं आणि तो स्वतः ओट्यावर. आता त्याची बायको ठमाबाई बाजारात मासळीच्या पाटीमागे बसून गिऱ्हाइकांना ऐकवायची, "आमचा म्हातारा मास्तर झालाय, मास्तर!"

नियम एकच: पकडलेला मासा जिवंत सोडायचा. आणि पहिल्याच दिवशी तिथे घोडं अडलं. एका मुलाला चिलापी लागली. काशीरामने ती आकड्यावरून सोडवली आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत कल्ल्यात अंगठा घालून मान मोडली. माशाला तडफडत ठेवू नये, हे त्याला बापाने शिकवलेलं. पण मुलं किंचाळली, ज्याचा मासा तो रडत तंबूत पळाला. शैलेशने काशीरामला बाजूला घेतलं. "काका, परत असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

काशीराम हबकला. पुन्हा ओट्यावर बसायचं? तेही ठमाबाईने अख्ख्या बाजाराला सांगून ठेवल्यावर? स्वतःच्या हाताचा तर त्याला काडीचा भरवसा नव्हता. मग त्याने काय करावं? जेवणाच्या सुट्टीत पक्कड घेतली आणि एकूणएक माशीचा आकडा कापून टाकला. ना मासा लागेल, ना हात चळेल. आहे की नाही डोकं!

पुढचे तीन दिवस मुलं नुसती दोरी फेकत राहिली. मासा लागायची घाई नाही, त्यामुळे हात मात्र झकास बसले. काशीराम मागे उभा राहून सांगायचा, "मागं जाऊ दे, पुरी जाऊ दे. आता पुढं." तळ्यातल्या माशांना झालंय काय, ते शैलेशला कळेना.

कळलं ते रियाला. बारा वर्षांची, चष्मेवाली, प्रश्न विचारून जीव खाणारी. "सर, याला आकडाच नाहीये."

काशीरामचा चेहरा उतरला. काहीतरी थाप मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं, पण जमेना. "माजा हात आयकत नाय गो. मासा आला का मारतोच. शैलेशला सांगू नको."

रियाने चष्मा वर सारला. "पण उद्या आईबाबा येणार, त्यांना मासा दाखवायचाय. तुम्ही आकडे लावा. मासा पाण्यातच धरा, वर काढूच नका. मी तुमचा अंगठा धरते."

काशीरामला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. त्या संध्याकाळी त्याने घरचे जुने गळ काढले आणि कोंबड्याची पिसं बांधून नव्या माश्या केल्या.

दुसऱ्या दिवशी काठावर पालक उभे होते. रियाची माशी पाण्यावर टेकली आणि दोरी ताणली गेली. काठी बाबांच्या हातात कोंबून ती गुडघाभर पाण्यात काशीरामजवळ धावली. काशीरामच्या हातात मासा आला मात्र, अंगठा निघालाच कल्ल्याकडे. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. "सर, सोडायचा!"

मासा पाण्यातच त्याच्या तळहातावर निवांत राहिला, तोंडाची उघडमीट करत. चाळीस वर्षांत इतके मासे हातातून गेले, पण श्वास घेणारा मासा काशीरामने आज पाहिला. दुसऱ्या हाताने आकडा सोडवून त्याने बोटं उघडली. शेपटीचा एक फटका देऊन मासा गेला. टाळ्यांत शैलेशचा आवाज आला, "काका, पुढच्या मे महिन्यात दुसरं काही ठरवू नका!"

घरी ठमाबाईने विचारलं, "काय आनलं मास्तरांनी?"

काशीरामने रिकामे हात पुढे केले. "होता मोठा. सोरला पान्यात." आणि तो हसत सुटला.

ठमाबाईने पाटी खाली ठेवली आणि त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.