घाटावरचे रोडगे

गाडी ममता चालवत होती आणि प्रत्येक वळणावर ओरडत होती, "पाहा वं, पाहा!" मी पाहत नव्हते. डोंगर, साग, खालची दरी, सगळं छानच होतं, असू दे. मला खिडकीला डोकं टेकून झोपायचं होतं.

ममता, तुळसा आणि मी बाभुळगावच्या एकाच शाळेत बावीस वर्षं शिकवलं. रिटायर झाल्यापासून दर जानेवारीत आमची रोडग्यांची पार्टी असते. गेली तीन वर्षं मी काहीबाही कारणं सांगून टाळली. यंदा लेक निकिता एका दिवसासाठी नेरहून आली आणि तिनंच मला गाडीत कोंबलं.

"बबनराव कसे हायेत?" तुळसानं विचारलं.

"मस्त. काठी घेऊन चालतेत आता."

साफ खोटं. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाल्यापासून माझा नवरा पलंगावरच आहे; आज निकिता त्यांच्याजवळ थांबली होती. आमच्याच शाळेचे हेडमास्तर ते. त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग चिडीचूप व्हायचा. त्यांची कीव मला कुणाच्या तोंडून ऐकायची नव्हती, आणि माझी तर मुळीच नाही. म्हणून मी कुणाला घरात येऊ देत नव्हते, आणि कुणीही विचारलं की 'मस्त' म्हणून मोकळी व्हायची.

वर तलावाकाठी सावली पाहून गोवऱ्या पेटवल्या. तुळसानं निखाऱ्यात कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, पुरले, ममतानं वांग्याची भाजी टाकली. मला दोघींनी कशालाच हात लावू दिला नाही. नुसतं बसून राहण्याचाही मला थकवा आला.

रोडगे निघाले. राख झटकून तुपात बुडवले. मग मात्र मी हट्टानं वाढायला घेतलं. तुळसाच्या ताटातला रोडगा फोडला, कुस्करला, वर वरण ओतलं. गुठळी राहू नये म्हणून बोटांनी पुन्हा पुन्हा मळला. घास करून तिच्या ओठांशी नेला, डावा हात तिच्या हनुवटीखाली धरला आणि म्हणाले, "आ करा. हळू. गिळा आता."

ममताच्या हातातली पळी तशीच राहिली. मी भानावर आले तेव्हा हात मागे घ्यायलाही उशीर झाला होता.

तुळसानं तोंड उघडलं. घास घेतला, सावकाश गिळला.

"रोज भरवते?"

"दोन्ही टाईम."

"अन् काठी?"

"काठी नाही, काही नाही. मी लय थकली वं, तुळसा. कधी कधी वाटते, हे एकदाचे सुटले तं बरं. अन् मंग माहीच मले लाज वाटते."

हे मी आजवर स्वतःशीही बोलले नव्हते. आता दोघी समजूत घालतील म्हणून अंग चोरून बसले. तुळसानं मात्र ते ताट आपल्याकडे ओढलं, घास केला आणि माझ्यापुढं धरला.

"आ कर."

"मले हात हायेत ना वं."

"माहीत हाये. आ कर."

रडत रडत मी अख्खा रोडगा खाल्ला. एकही घास तिनं मला माझ्या हातानं घेऊ दिला नाही.