ढब्बू आणि टिल्लूची वाटणी

एकतीस वर्षं औषधांच्या प्रयोगशाळेत जनावरं सांभाळलेल्या माणसाला गिनीपिगबद्दल शिकवायला जाणं म्हणजे सुताराला खिळा कसा ठोकायचा ते सांगणं. असं पिंजरेमास्तर स्वतःच म्हणायचे. हे नाव त्यांना प्रयोगशाळेत पडलं आणि निवृत्तीनंतर गल्लीतही चिकटलं. तिथला राखाडी एप्रन त्यांनी घरी आणला होता आणि घरच्या जनावरांचं करताना तो आवर्जून अंगात चढवायचे. जनावरं दोन आणि थाट तीनशेंचा!

जनावरं खरं तर नातीची. ढब्बू आणि टिल्लू, सख्खे भाऊ, दोघेही नर. एकाच काकडीला दोन टोकांनी दात लावायचे आणि पोट भरलं की एकमेकांच्या अंगावर रेलून झोपायचे. दोन वर्षांपूर्वी मास्तरांचा मुलगा आणि सून वेगळे झाले. मुलगा नोकरीसाठी दूर गेला, नात आईकडे राहिली. सुनेने तेव्हाच स्वच्छ सांगितलं होतं की बाबा, दर शनिवारी तिला आणून सोडीन, पण तिला यावंसं वाटेल तोवरच. ओढून आणणार नाही. पहिले काही शनिवार पोर बूटही न काढता दाराशी बसून राहायची. कुणाचं चुकलं, कोण काय बोललं, हे दोन्हीकडून ऐकून तिचे कान किटले होते. मग मास्तरांनी हे दोघे आणले आणि बूट निघाले. त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. हल्ली तर ती आपल्याशीही दोन गोष्टी बोलते, म्हणजे आपल्यासाठीही येते, असं मास्तरांच्या मनाने घेतलं होतं.

आणि अशा सुखात शेजारच्या नर्सबाई दारात आल्या. त्यांना आठ दिवस प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जायचं होतं आणि त्यांच्याकडे गिनीपिगची एक मादी होती. पांढरीशुभ्र, गुबगुबीत, बाई तिला महाराणी म्हणायच्या. ठेवाल का, असं त्यांनी विचारायचा अवकाश, मास्तर हो म्हणून मोकळे. नात तिथेच काकडी चिरत बसली होती. तिने शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं होतं की नुसता मादीचा वास आला तरी नर भांडतात. तिने तसं सांगितलं. मास्तर हसले. म्हणाले, पुस्तक वाचून पोहता येत नाही. प्रयोगशाळेत नरांची खोली आणि माद्यांची खोली यांत एक भिंत होती, कधी कुणाचा केस वाकडा झाला नाही.

"टिल्लू लहान आहे, आजोबा," ती म्हणाली.

"मी आहे ना," मास्तर म्हणाले.

रविवारी महाराणीचा पिंजरा भावांच्या पिंजऱ्याशेजारी आला. मध्ये प्लायवुडची जाड फळी लावली. दिसलं नाही की झालं! सोमवारी ढब्बू दात कटकटवायला लागला. छाती फुगवून, घुरघुरत, कंबर हलवत टिल्लूभोवती फेऱ्या घालायला लागला. तेव्हा मास्तरांनी महाराणीला पार मागच्या खोलीत हलवलं आणि दोन्ही दारं लावून घेतली. मंगळवारी सकाळी आधी तिचं पाणी बदललं, तिला उचलून पोट चाचपलं, मग तसेच येऊन भावांच्या पिंजऱ्यात हात घातला. पाहता पाहता दोघे एकमेकांना भिडले. किंकाळी कुणाची ते कळेना. सोडवता सोडवता मास्तरांचा अंगठा फुटला आणि टिल्लूचा कान अर्धा फाटून लोंबायला लागला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टाके घातले आणि मादी कुठे होती, तुमच्या अंगावर काय होतं, असं विचारलं. मास्तरांनी एप्रनकडे पाहिलं, त्याला महाराणीचे पांढरे केस चिकटले होते. प्रयोगशाळेत दोन खोल्यांचे दोन वेगळे एप्रन असत आणि खोली बदलताना कोपरापर्यंत हात धुवायचा नियम होता. रोगराईसाठी असेल, असं ते स्वतःच नव्या माणसांना सांगत आले होते. शिवाय तिथे प्रत्येक नराला वेगळी पेटी. एका घरात नांदणारे दोन नर त्यांनी एकतीस वर्षांत कधी पाहिलेच नव्हते. पाहिले होते ते फक्त ढब्बू-टिल्लू, आणि ते तर पोरीलाच जास्त ठाऊक होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं रक्त सांडल्यावर आता एकत्र ठेवू नका, पुन्हा भांडतील. मास्तरांना तिथल्या तिथे रडू आलं. लाज वाटली, पण आलं.

संध्याकाळी मुलाला फोन केला. तो म्हणाला, त्यात काय एवढं, पोरीला सांगा की शेजारणीची मादी आली म्हणून झालं, तुम्ही काय करणार. मास्तरांना ते पटलं. खोटंही नव्हतं. शुक्रवारपर्यंत त्यांनी ते वाक्य घोटून घोटून पाठ केलं.

शनिवारी सून दाराशी सोडून गेली. पोर आत आली आणि दोन पिंजऱ्यांसमोर थबकली. टिल्लूच्या कानाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"कुणाची चूक?" तिने विचारलं.

तिने ते इतक्या थकलेल्या आवाजात विचारलं, की उत्तर काय येणार हे तिला आधीच माहीत असावं. मास्तरांनी पाठ केलेलं वाक्य सोडून दिलं.

"माझी," ते म्हणाले.

"आणि अजून कुणाची?"

"कुणाची नाही. तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग पाठ फिरवून टिल्लूपाशी बसली ती संध्याकाळपर्यंत. काकडीचे दोन तुकडे केले, दोन पिंजऱ्यांत टाकले. मास्तरांनी दूध दिलं, ते तसंच राहिलं. सून न्यायला आली तेव्हा मास्तरांनी तिलाही सगळं सांगितलं, स्वतःला न वगळता. सुनेने फक्त लेकीला विचारलं, पुढच्या शनिवारी यायचंय का.

पोरीने टिल्लूचा पिंजरा दोन्ही हातांनी उचलला. जड होता, मास्तर पुढे झाले, तर तिने अंग चोरलं. "हा माझ्याकडे राहील," ती आईला म्हणाली. आईने मान हलवली.

पायऱ्यांपाशी ती थांबली.

"ढब्बू एकटा पडेल, म्हणून येईन," ती मास्तरांना म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

"चालेल," मास्तर म्हणाले आणि तिला नीट उतरता यावं म्हणून दार धरून उभे राहिले.