मुंग्यांची आठ मिनिटं

वरवंडच्या हौसराव आप्पांनी आयुष्यात स्वतःच्या चुका कबूल केल्या त्या दोनच, आणि त्यातली एक बैलाची होती. त्यामुळं "सावळारामनं पिच्चरमधी थाप मारली" असं जे ते एकदा बोलले, ते पस्तीस वर्षं बोलतच राहिले.

प्रकरण व्हिडिओचं. सावळाराम त्या काळी मंडप टाकून व्हीसीआरवर इंग्रजी पिक्चर दाखवायचे आणि माइक धरून मराठीतून समजावून सांगायचे. अवकाशयानाचा एक पिक्चर गावाचा फार लाडका. पण कॅसेट घासून घासून अशी झाली, की ऐन रंगात पडद्यावर नुसत्या मुंग्या! आठ मिनिटं चित्र नाही, फक्त खरखर. लोक उठू नयेत म्हणून सावळाराम त्या मुंग्यांकडं बघत बोलत राहायचे. कॅप्टन मंगळावर अडकलाय आणि त्याच्याजवळ बसून लोखंडी माणूस रडतोय. बाया डोळ्याला पदर लावायच्या. आप्पा तेवढे म्हणायचे, "लोखंड कवा रडतं व्हय? समदं मनचं सांगतोय ह्यो."

सावळारामांची नात दीक्षा शिक्रापूरच्या कारखान्यात क्वालिटीला. दिवसभर भिंगाखाली सुटे भाग धरून पास-नापास करणारी पोरगी. आपल्या आजोबांना कुणी नापास केलेलं तिला सोसेना. जुन्या अवकाशपटांचा रीमास्टर केलेला संच निघालाय आणि त्यात तो पिक्चर आहे असं कळताच तिनं तो मागवला. मूळ रिळं धुऊन-पुसून, ओरखडे काढून बनवलेल्या सहा डिस्क. सुट्टीला गावी आली ती थेट आप्पांच्या ओट्यावर.

"आप्पा, रविवारी दुपारी समाजमंदिरात या. गावादेखत बघू रडतंय का न्हाई."

"येतो की. म्हाताऱ्याला म्हणावं, पुढंच बस."

आजोबा मात्र डिस्कची पेटी बघून एवढंच म्हणाले, "कशाला आणलंस गं बाई?" दीक्षाला वाटलं, संकोच. कारखान्यात स्क्रूसुद्धा तपासल्याशिवाय पुढं न सोडणाऱ्या दीक्षानं ही डिस्क काही आधी लावून बघितली नाही.

रविवारी खिडक्यांना चादरी लावल्या, प्रोजेक्टर सुरू झाला. आप्पा पुढच्या खुर्चीत. चित्र असं लख्ख, की कॅप्टनच्या शिरस्त्राणाचे खिळे मोजावेत. ती आठ मिनिटं आली. मुंगी एक नाही. एक दाढीवाला शास्त्रज्ञ नकाशासमोर काठी घेऊन इंग्रजीत बोलत होता. बोलतच होता. लोखंडी माणसाचा पत्ता नाही.

आप्पांनी मान वळवली. "कसं?"

दीक्षाचे कान तापले. तिनं रिमोट उचलला, तेवढ्यात सावळाराम उठून उभे राहिले. "आप्पा, तुमचं खरं हाय. मला काय दिसत हुतं? मनचंच सांगितलं."

पस्तीस वर्षांचा खटला संपला. आप्पा जिंकले. पण मागून सोजराबाई कडाडल्या, "आवं, ह्यो दाढीवाला कवाधरनं काय बडबडतोय? आमच्या रडणाऱ्याचं सांगा की, बाबा!"

"सांगा, सांगा!" सगळी सतरंजी ओरडली. "दीक्षे, आवाज बंद कर त्येचा!"

दीक्षानं आवाज बंद केला. सावळारामांनी घसा खाकरला. सुरुवातीला आवाज चिरकला, मग लागला. "ही काठी बघा. ही दावतीय ती घराची वाट. पर ती दिसतीय हितं, आन् कॅप्टन बसलाय तिथं. शेजारी लोखंडी माणूस. त्यो रडाया लागला. मग यान..."

"थांबा!" आप्पा खुर्चीतून उठले. "पाण्याचं राहिलं. त्येच्या टाकीत घोटभर पाणी असतंय, त्ये त्यो आधी कॅप्टनला पाजतो. म्हणून रडताना डोळं कोरडं. नुसता आवाज येतो."

सगळ्यांच्या माना आप्पांकडं वळल्या. मग सोजराबाई म्हणाल्या, "अगं बया! आप्पा, तुमी तर खोटं म्हणत हुता न्हवं?"

"खोटंच हाय," आप्पा म्हणाले. "पर खोटं नीट सांगावं का न्हाई माणसानं?"

हशा असा उठला की चादरी हलल्या. सावळारामांनी पाणी पाजलं, लोखंड रडवलं, शेवटचा शब्द टाकला आणि पडद्यावर यान उडालं. शिट्ट्या, टाळ्या. दीक्षा तर सतरंजीवर उभीच राहिली.

आप्पांनी सावळारामांचा हात धरून त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली मांडी घातली.

"पुन्यांदा लाव गं," ते दीक्षाला म्हणाले. "पहिल्यापासनं. आन् आवाज बंदच राहू दे."