अर्ध्या तासाची घटिका

पुण्याजवळच्या मांजरी गावच्या उसाच्या शेतांत नव्यानं उभ्या राहिलेल्या आमच्या सोसायटीचा हॉल त्या रविवारी खच्चून भरला होता, तरी आवाज नव्हता. सगळे एका तांब्याच्या वाटीकडे बघत होते. बुडाला बारीक भोक असलेलं ते घटिकापात्र घंगाळातल्या पाण्यावर तरंगत हळूहळू भरत होतं. ते दशरथरावांच्या नावानं सोडलं होतं.

काळनाथ महाराज भिंतीवरच्या घड्याळाखाली बसले होते. भाषा थेट हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतली. "देह हे हार्डवेअर. आयुष्याचा सर्व्हर वर. दिवसाच्या घटिका साठ, आणि एक घटिका म्हणजे अर्धा तास. वाटी अर्धा तास तरंगली तर निर्धास्त राहा. आधी बुडाली, तर काळानं आयुष्य कुरतडायला घेतलंय असं समजा."

वाटी बुडाली. घड्याळात चोवीस मिनिटं झाली होती.

"सहा मिनिटं गेली," महाराज हळू आवाजात म्हणाले. "आता अंगाला शस्त्र लागलं, तर उरलेलीही जातील. आधी काळशांती करा. दीड महिना लागेल. मग हीच घटिका पुरी अर्धा तास चालेल."

दशरथराव माझे शेजारी, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मंगळवारी त्यांची बायपास होती आणि डॉक्टरांनी आठवडाभरही थांबू नका असं बजावलं होतं. ते मुलीला म्हणाले, "निकिता, दवाखान्यात कळव. मी येत नाही."

निकिता सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अमेरिकेतली वेळ तोंडी सांगते. तिनं मान खाली घालून मोबाईल काढला. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा संताप जास्त आला. मी शनिवार पेठेतल्या शाळेत जन्मभर गणित शिकवलंय.

"महाराज, दिवसाच्या घटिका किती म्हणालात?"

"साठ, ताई."

"आणि एक अर्ध्या तासाची. निकिता, साठ अर्धे किती गं?"

"तीस," ती म्हणाली आणि थबकली. "तीस तास?"

"दिवस अजून चोवीस तासांचाच आहे ना? की मांजरीत वाढवून मिळतो?"

कुणीतरी हसलं. महाराज म्हणाले, "हे देवलोकीचं मान आहे. शाळेतलं गणित इथं चालत नाही."

"मग घड्याळ कशाला टांगलंय, शोभेला? निकिता, चोवीस तासांची मिनिटं चौदाशे चाळीस. साठनं भाग."

"चोवीस." तिनं घंगाळाकडे पाहिलं. "काकू, म्हणजे घटिकाच चोवीस मिनिटांची?"

"हो. वाटी बिचारी बरोबर आहे. ती कुणाच्याही नावानं सोडा, चोवीस मिनिटांतच बुडणार. खोटा आहे तो अर्धा तास."

शांतीनंतर वापरायची म्हणून महाराजांनी दुसरी वाटी लाल फडक्यात वेगळी ठेवली होती. महाराज हात आडवा घालेपर्यंत मी ती उचलली आणि भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. मेणाचा कण निघाला. भोक लहान केलं की पाणी सावकाश शिरतं. काळशांती म्हणतात ती एवढीच. निकितानं मेण साफ करून तीच वाटी पाण्यात सोडली, कुणाचंच नाव न घेता. कुणी उठलं नाही. चोवीस मिनिटं होत आली तशी तीही तळाला गेली.

तेव्हा दाराजवळून एक बाई पुढं आली. जुन्या गावातल्या वेणूबाई, आम्हाला दूध घालणाऱ्या. "आमच्या मालकांची वाटी बी चोवीस मिन्टांतच बुडली व्हती. म्हाराज म्हनले, सुई टोचू नका. आमी डायलिसिस बंद क्येलं."

महाराज म्हणाले, "ईश्वरेच्छा."

वेणूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "बाई, म्हंजे त्यांची येळ भरली नव्हती?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नव्हती," मी म्हणाले.

दशरथराव खुर्चीला धरून उठले. "निकिता, फोन करू नकोस. मंगळवारी जायचंय."

वेणूबाई तिथंच खाली बसल्या.

आपल्या सगळ्यांना भागाकार येतो. तो महाराजांसमोर बसल्यावरही करा. नंतर केलेला भागाकार कुणाला परत आणत नाही.