पूर्वेची भिंत

"काका, शिडी सांभाळून चढा. आणि भिंतीला टेकू नका."

रंगाऱ्याला हसू आलं. या भिंतींना त्याने चाळीस वर्षं चुना दिला होता, दर वर्षी एक हात. आता म्हणे टेकू नका.

प्रार्थनागृह बंद पडून सहा वर्षं झाली होती. आता तिथे गावासाठी कलाकेंद्र होणार होतं. गाणं, नाच, नाटक. भिंती साफ करायला आलेल्या बाईंनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्या हातात डॉक्टरांची असते तशी बारीक सुरी होती.

"नव्वद थर मोजले, काका."

"वरचे चाळीस माझे. खालचे बापाचे, आज्याचे. आमचं अख्खं खानदान खरवडलंत की हो."

"हा दिवा धरा. वर बघा."

चुन्याच्या कडेतून एक निळा पंख बाहेर आला होता. पंखाखाली नदी होती, नदीत मासे, काठाने ओझी घेऊन निघालेली माणसं; प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एका बाईच्या कडेवरचं मूल थेट त्याच्याकडे बघत होतं. रंगाऱ्याने नकळत टोपी काढली. इतकी वर्षं त्याचा कुंचा या मुलाच्या तोंडावरून फिरत होता.

"हे आम्ही झाकलं?" त्याने दिवा आणखी वर धरला.

"झाकलंत म्हणून वाचलं. धूर, ऊन, लोकांचे हात, सगळं तुमच्या चुन्याने अंगावर घेतलं. आणि तुम्ही कधी घासलं नाहीत."

"आज्याची ताकीद होती. घासायचं नाही, पाणी मारायचं आणि वरून हात द्यायचा. का, ते बापालाही ठाऊक नव्हतं."

"पूर्वेच्या भिंतीचं मात्र कळत नाही. नदी कोपऱ्यापर्यंत येते, पुढे काहीच नाही. चित्रकाराचं काम तिथेच थांबलं, असं अहवालात लिहून टाकते."

रंगारी दिव्याकडे बघत राहिला. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं?

"तसं लिहू नका," तो म्हणाला. "ती मी घासली. बाप गेला त्या वर्षी. त्याच्यापेक्षा गुळगुळीत भिंत करून दाखवायची होती मला. दोन दिवस तारेचा ब्रश मारला. हात धुतले तर पाणी निळं गेलं. म्हटलं, असेल कसला तरी जुना रंग."

बाई सुरी पुसत म्हणाल्या, "ती भिंत मुलांच्या चित्रांना ठेवू. हात तुम्ही द्याल?"

आठवड्याने तो स्वतः भिजवलेला चुना घेऊन आला. पाणी मारलं, घासलं नाही. नदी संपते तिथे कुंचा खाली ठेवला आणि शेवटची वीतभर जागा बोटाने भरली, चित्रातल्या पाण्यावर चुन्याचा थेंब पडू न देता.

नंतर नळाखाली हात धरून तो उभा राहिला. पाणी पांढरंच जात होतं. तरी ते नितळ होईपर्यंत तो बघत होता.