लाइन साफ आहे

एकोणीसशे एकाहत्तर साली माझी ताई सत्तावीस वर्षांची झाली आणि तिच्यापुढे एकच वर्ष उरलं. शिक्षिका होण्यासाठी जे कॉलेज होतं, तिथे अठ्ठाविशीपुढच्या मुलींना घेत नसत. आत शिरायचं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागे. वाचणं, लिहिणं, बोलणं आणि ऐकणं असे तिचे चार भाग. एकात आपटलात तर बाकीचे तीन कोणी विचारातही घेत नसे.

वडील अचानक गेले तेव्हा ताईची शाळा नुकती संपली होती. ती टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये लागली, म्हणून मी शाळेत राहिले. दिवसभर कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात वायरी. एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा, हे तिचं काम. घरी यायची तेव्हा हेडफोनच्या पट्टीनं तिच्या केसांत भांगासारखी आडवी खाच पडलेली असे. सुट्टीच्या दिवशी नाहून आली तरी ती खाच काही जात नसे.

आईला कॉलेजचं मुळीच पटत नव्हतं.

“या वयात दप्तर घेऊन जाणार का, बाई?”

“दप्तर नाही गं, पर्स नेईन.”

“पर्स ने नाहीतर पेटारा ने. चांगली सरकारी नोकरी सोडायची, हाती धरलेलं सोडून पळत्याच्या मागे लागायचं!”

ताई हसायची. तेव्हा ती खूप हसायची.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहत. जन्मभर त्यांनी इंग्रजीच शिकवलं होतं आणि त्यांच्याकडे पेटीएवढा टेपरेकॉर्डर होता. परीक्षेतही हेडफोनवरूनच ऐकवतात, म्हणून त्यांनी कुठूनसा हेडफोनही पैदा केला. ताईचं वाचन चांगलं होतं. लिहिताना तिला वाक्य सुचत. बोलताना सुरुवातीला अडखळायची, पण गाडी लवकरच रुळावर आली. मग एका रविवारी सकाळी मास्तरांनी टेप लावली. समुद्रातल्या दीपस्तंभाच्या रखवालदाराची गोष्ट होती. संपल्यावर त्यांनी विचारलं, “सांग, हा गृहस्थ दिवसा काय करायचा?”

ताई म्हणाली, “आवाज साफ होता, मास्तर. मध्ये जराशी खरखर झाली, पण तुटला नाही.”

मास्तर आणि मी पोट धरून हसलो. टेप पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिला रखवालदार आठवेना, समुद्रही आठवेना. बाईचा आवाज होता आणि ती तोंडापासून माइक लांब धरून बोलत होती, एवढं तिनं सांगितलं. तिसऱ्या खेपेला कोणी हसलं नाही.

एक्स्चेंजमध्ये ज्यांनी तिला काम शिकवलं, त्यांना सगळ्या ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्यांचा एक नियम होता. जोडायचं, दोघांचे आवाज एकमेकांना पोचतात का बघायचं आणि कान काढून घ्यायचा. “लोकांची घरं तुमच्या हातातून जातात,” त्या म्हणत, “दाराशी उभं राहायचं, आत डोकवायचं नाही.” ताईनं ते इतकं मनावर घेतलं होतं की हेडफोन लागला की तिला नुसता आवाज कळे, शब्द कळत नसत. मी स्वयंपाकघरात समोर बसून तोच धडा वाचला की ती सगळी उत्तरं धडाधडा द्यायची. कानाला हेडफोन लावला की पालथ्या घड्यावर पाणी.

“तू बहिरी नाहीस, पोरी, तू इमानी आहेस,” मास्तर म्हणाले. “बहिरेपणावर निदान औषध तरी आहे.”

दुखणं जिथे जडलं तिथेच ते उतरवायचं, असं ताईनं ठरवलं. बोर्डावर इंग्रजीतून बोलणारं कोणी आलं की ती कान काढून घेईना. पहिल्या दिवशी घरी आली आणि चप्पल न काढताच दाराशी उभी राहिली.

“चोरी केल्यासारखं वाटलं गं,” ती म्हणाली.

“कोणाचं काय नेलंस?”

“नेलं नाही. पण बघितलं ना.”

पण गुण आला. कुणाचा माल बंदरात अडकला होता, कुणाचा जावई रुसला होता, असं ती अर्धवट सांगे आणि मध्येच जीभ चावे. महिन्याभरात मास्तरांच्या टेपवर तिची उत्तरं येऊ लागली. दिवसा तो रखवालदार झोपायचा आणि उठला की काचा पुसायचा. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. आईसुद्धा म्हणाली, “बघू या, पर्स कसली घेतेस ते.”

मग तो फोन आला. दोन भाऊ इंग्रजीत बोलत होते. एकानं सांगितलं, आई गेली. दुसऱ्यानं विचारलं, मग घराची किल्ली कोणाकडे आहे?

ताईच्या तोंडून निघून गेलं, “अरेरे!”

लाइनवर दोघांनाही ते ऐकू गेलं. मग किल्ली विचारणाऱ्यानंच तक्रार केली. तो कोणी मोठा माणूस होता.

मोठ्या बाईंनी तिला बोर्डावरून उठवलं आणि भिंतीकडच्या बाकावर बसवलं. सगळ्याजणी वायरी टाकत होत्या आणि ताई मांडीवर हात ठेवून बसली होती. सुटायच्या वेळी बाई जवळ आल्या. “तुला मीच शिकवलं ना गं? आता वरच्या साहेबांना काय तोंड दाखवू?” त्यांचेच डोळे भरले होते. “एकदा शब्द दे. पुन्हा ऐकणार नाहीस म्हण, बाकी मी निस्तरते.”

ताईनं शब्द दिला. घर तिच्या पगारावर चालत होतं.

“परीक्षेसाठी ऐकत होते, असं सांगायचं नाहीस का?” मी चिडून विचारलं.

“काय सांगू? त्या माणसाची आई गेली होती, आणि मी तिच्यावर इंग्रजी शिकत होते.”

परीक्षेला थोडेच दिवस राहिले होते. मास्तरांनी टेप लावली की ती मान ताठ करून, डोळे मिटून बसे आणि शेवटी नाही म्हणून मान हलवे. टेप दमली, पण दार काही उघडलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी फाटकाशी उभी होते. मुली घोळक्यानं उत्तरं पडताळत बाहेर आल्या. सगळ्यांच्या मागून ताई आली. केसांवर ती खाच.

“काय होतं गं टेपवर?”

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला खोटं बोलता येत नसे.

“आवाज साफ होता,” ती म्हणाली आणि चालायला लागली.

तीन भागांत तिला उत्तम गुण मिळाले. निकालाचा कागद आईनं वाचला, घडी केली आणि “चला, जेवून घ्या,” एवढंच म्हणाली. पर्स कोणी विकत घेतली नाही.

मास्तर दोन वर्षांनी गेले. जाईपर्यंत जिन्यात ताई दिसली की ते स्वतःच नजर चुकवत. पुढे आपोआप जोडणारी यंत्रं आली, बोर्ड निघाला आणि मोठ्या बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांनी ताईचं नाव घेतलं, सगळ्यांत विश्वासू मुलगी म्हणून. ताईला बिलांच्या खिडकीवर बसवलं. आई तिचं लग्न बघून गेली. त्या कॉलेजात नंतर मी शिकले, ताईच्याच पगारावर, आणि जन्मभर मास्तरकी केली. मला कोणी ‘बाई’ म्हणून हाक मारली की अजून वाटतं, मागे ताई उभी असेल.

तिची लेक लग्न होऊन परदेशी गेली. दर रविवारी फोन करायची. ताई रिसीव्हर कानाला लावून शेवटपर्यंत शांत उभी असे, मधून “हो” म्हणे, आणि खाली ठेवी.

“काय म्हणत होती गं?” मी विचारी.

ताई पदराची कड बोटाला गुंडाळत राही. “अगदी शेजारी असल्यासारखी येत होती,” ती म्हणे. “कुठे खरखर नाही.”

मग मी माझ्या घरी जाऊन भाचीला पुन्हा फोन लावी, आणि संध्याकाळी येऊन, ताईच्या समोर बसून, तिच्या लेकीचं सगळं बोलणं तिला सांगे. गेल्या थंडीत ताई गेली. तिच्या लेकीला फोन मीच केला.